पास ठरवायचं कुणी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चं नियमित पाठबळ संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते आणि प्रोसेसरही त्यातल्या त्यात नवा लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक असलेल्या शाळांपुढे मग दोनच वाटा उरतात : नवी यंत्रं घ्यायची, नाहीतर आहेत त्याच यंत्रांवर मुक्त कार्यप्रणाली चढवायची. कर्जतजवळच्या कडावच्या पंचक्रोशीतल्या एका शाळेने दुसरी वाट धरली, कारण पहिलीला पैसे नव्हते. पण मुक्त प्रणाली म्हणजे काही एक वस्तू नव्हे. डेबियन आहे, उबंटू आहे, लिनक्स मिंट, फेडोरा, ओपनसुसे आहे, सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस आहे. त्यातल्या काहींची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. मुलांच्या हाती देण्याआधी ती कुणी आणि कशी तपासायची, यावरून दोन माणसांत वाद झाला. तो मी शेजारी बसून ऐकला.

एक सर. त्यांनी वर्षानुवर्षं शाळेचा संगणक कक्ष सांभाळला, आता निवृत्त आहेत. तरी कक्षाची किल्ली अजून त्यांच्याकडेच असते. दुसरी त्यांची विद्यार्थिनी. नवी मुंबईत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते आणि बालदिगंबर गणपतीच्या माघी उत्सवाला गावी आली होती. तिने एक स्क्रिप्ट लिहिली आहे. आयएसओ, म्हणजे प्रणालीच्या स्थापनेची फाइल, उतरवण्यापासून आभासी संगणकात ती चालवून पाहण्यापर्यंतचं सगळं काम ती स्क्रिप्ट रात्रीतून करते. सरांची पद्धत वेगळी : व्हेंटॉय घातलेला, म्हणजे हवी ती आयएसओ बूट करू देणारा एक पेनड्राइव्ह, त्यावर चार आयएसओ, आणि एकेका संगणकापुढे बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं.

"तुझं यंत्र रात्रभर राबतं, हे मान्य," सर म्हणाले. "पण ते बघतं काय, ते आधी सांग."

"नवी आवृत्ती आली का, हे आधी पाहतं सर. आली असेल तर उतरवतं, सही तपासतं, क्यूएमूमध्ये एक आभासी संगणक उभा करतं. त्याला रॅम दोनच जीबी देते मी, आपल्या शाळेतल्या यंत्रांना आहे तेवढीच. मग बूट करतं, पडद्याचा फोटो घेतं, कळा दाबतं, पुन्हा फोटो घेतं. सकाळी माझ्यापुढे एक पान असतं : कोण उठलं, कोण कुठे अडकलं."

"म्हणजे तू झोपलेली असताना तुझ्या नावाने निकाल लागतो."

"निकाल नाही सर, गाळण. जी दोन जीबीत उठतच नाही, तिच्यापुढे तुम्ही कशाला दुपार घालवायची?"

सरांना हे पटलं नाही. त्यांचा काळ सीडीचा. पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची, तो काळ. पुढे २००५ ते २०११ या वर्षांत उबंटूची सीडी मागितली की टपालाने फुकट घरी यायची. "पाकीट फोडलं की त्या एका सीडीपुढे आम्ही दिवसचे दिवस बसायचो," ते म्हणाले. "छपाईयंत्र कुठे रुसतं, आवाज कधी जातो, सगळं कळायचं. प्रणालीचा स्वभाव कळायचा. तुझ्या पद्धतीत दहा उतरतात आणि ओळख एकीचीही होत नाही."

"ओळख व्हायच्या आधी ती खरी तीच आहे का, हे कोण बघायचं सर?"

आणि तिने लिनक्स मिंटची गोष्ट काढली. २० फेब्रुवारी २०१६ ला कुणीतरी मिंटच्या संकेतस्थळात घुसलं आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलून ठेवला. त्या दिवशी तिथून उतरवणाऱ्यांना मिंटच मिळाली, पण आत चोरदरवाजा बसवलेली. ती नीट बूट व्हायची, नीट चालायची. तासन् तास समोर बसून स्वभाव पारखला असता तरी तिच्यात वावगं काही दिसलं नसतं.

"फाइल तीच आहे का हे ज्यावरून ताडतात तो एसएचए-२५६ चा ठसा चौसष्ट अक्षरांचा असतो," ती म्हणाली. "खरं सांगा सर, तुम्ही त्यातली किती ताडून बघता?"

"पहिली चार, शेवटची चार."

"सगळेच तेवढी बघतात. तेही उत्साह असेल तेव्हा. शुक्रवारी संध्याकाळी घाई असेल तर तेवढंही नाही. स्क्रिप्ट चौसष्टच्या चौसष्ट बघते, दर वेळी बघते. एक अक्षर चुकलं की फाइल पुसून थांबते, पुढे जातच नाही. आणि नुसता ठसा पुरत नाही. ज्याने दुवा बदलला तो शेजारचा ठसाही बदलू शकतो. म्हणून ठशांच्या फाइलीवर प्रकल्पाची जीपीजी सही असते, ती तपासायची."

सर गप्प बसणारे नव्हेत. "सही तपासायला किल्ली लागते. ती पहिल्यांदा कुठून आणलीस? त्याच संकेतस्थळावरून?"

प्रश्न नेमका होता आणि तिलाही तो आवडला. डेबियनच्या किल्ल्यांचा जुडगा पॅकेजच्या रूपात मिळतो, तो तिने आधीच भरवशाच्या असलेल्या जुन्या प्रणालीतून घेतला होता. बाकीच्यांच्या किल्ल्यांचे ठसे दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळवून तिने स्वतः, अक्षर न् अक्षर वाचून ताडले होते. "तेवढं काम स्क्रिप्टवर सोडलं नाही," ती म्हणाली. "एकदाच करायचं होतं, म्हणून जीव ओतून करता आलं. रोज करायचं असतं तर मीही चारच अक्षरं बघितली असती."

मला वाटतं, स्वयंचलनाची खरी बाजू इथे आहे. वेळ वाचतो, माणूस मोकळा होतो, असं सगळे सांगतात. ते खरंही आहे, पण महत्त्वाचं ते नव्हे. काही कामं अशी असतात की माणूस ती पहिल्यांदा चोख करतो आणि विसाव्यांदा हमखास टाळतो. सही तपासणं त्यातलंच. शाळेत ज्या यंत्रावर मुलं आपली नावं, आधारचे तपशील, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणार, त्याच्या बाबतीत विसाव्या वेळची टाळाटाळ परवडत नाही.

इंटरनेटचा प्रश्न त्यांनी लवकर मिटवला. उबंटूची एक आयएसओ सहा जीबीच्या आसपास जाते. मोबाइलवर दिवसाला दोन जीबी मिळत असतील तर एका आयएसओत तीन दिवसांचा पॅक संपला, त्यात पावसाळ्यात वीज गेली की उतरवणं मध्येच तुटतं. तिच्या स्क्रिप्टला तुटलं तिथून पुढे उतरवता येतं. झेडसिंक असेल तिथे जुन्या फाइलीत नसलेले तुकडेच तेवढे आणता येतात. शक्य असेल तिथे आयआयटी कानपूरसारख्या भारतातल्या मिररवरून ती घेते. तरी ते सगळं नवी मुंबईच्या फायबरवर होतं आणि कडावला येतो तो पेनड्राइव्हच.

सरांनी मग आपला ठेवणीतला मुद्दा काढला. "तुझा तो आभासी संगणक खोटा आहे. आपले खरे आहेत."

क्यूएमू हे फॅब्रिस बेलार्डने २००३ मध्ये आणलेलं सॉफ्टवेअर. एका संगणकाच्या पोटात ते दुसरा संगणक उभा करतं : त्याची डिस्क म्हणजे एक फाइल, त्याचं नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड सगळं सॉफ्टवेअरचं. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत केव्हीएम आलं आणि प्रोसेसरच्या मदतीने हा आभासी संगणक जवळजवळ खऱ्याच्या वेगाने चालू लागला. आता तर क्विकईमूसारखी साधनं आहेत. नाव आणि आवृत्ती सांगितली की त्यातलं क्विकगेट आयएसओ उतरवतं, मांडणीची फाइल लिहितं. पुढे एका आज्ञेत यंत्र सुरू. पण त्या पोटातल्या संगणकाचं हार्डवेअर नेहमी शहाण्यासारखं वागतं. प्रत्येक लिनक्सला ते ओळखीचं असतं.

"डेबियनचं वायफाय आठव," सर म्हणाले. "जून २०२३ ला बारावी आवृत्ती आली, तोपर्यंत त्यांच्या अधिकृत आयएसओत वायफायचं मुक्त नसलेलं फर्मवेअर नसायचं. तुझ्या क्यूएमूत ती झकास चालली असती, कारण तिथे वायफायच नाही. आणि इथे लॅपटॉप उघडला की नेटवर्क गायब. तुझ्या पानावर पास, माझ्या बाकावर नापास."

"हे खरंय."

"मग?"

"कर्जतच्या भात संशोधन केंद्रात नवं वाण तयार झालं की थेट शेतकऱ्याच्या हातात देतात का सर? आधी केंद्राच्या वाफ्यात लावतात. तिथे पाणी बेताचं, खत मोजून. शंभरातली नव्वद तिथेच बाद होतात."

"आणि राहिलेली दहा?"

"ती शेतकऱ्याच्या खाचरात."

"तेच म्हणतोय मी. वाफ्यातल्या निकालावर बियाणं वाटायचं नाही. कर्जत-३ ला लोकांनी नाव दिलं ते खाचरात पीक बघून."

इथे दोघं एकाच जागी येऊन उभे होते, पण तसं कबूल करायला तयार नव्हते. सरांच्या मनातली अढी हार्डवेअरपुरती नव्हतीच. ती 'पास' या शब्दाबद्दल होती. त्यांनी मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण काढलं.

एक्सझेड ही फाइली आवळण्याची छोटी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिच्या कामात कुणीतरी दोन-अडीच वर्षं मदतनीस म्हणून शिरून विश्वास कमावला आणि ५.६ च्या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवला. तो डेबियनच्या चाचणी शाखेत पोहोचला, फेडोराच्या रॉहाइडमध्ये पोहोचला आणि ओपनसुसेच्या टंबलवीडमध्येही. टंबलवीडचा प्रत्येक नवा संच ओपनक्यूए या स्वयंचलित चाचणीतून पार झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. तरी चोरदरवाजा बाहेर पडला. तो सापडला तो आन्द्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला, कारण एसएसएचने आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही.

"तुझ्या पानावर अर्ध्या सेकंदाचा रकाना आहे?" सरांनी विचारलं.

"नव्हता. आता आहे," ती म्हणाली. "पण सर, तोही नुसता बसून बघत नव्हता. तो आपल्या डेटाबेसचा वेग मोजत होता. आकडे समोर होते म्हणून फरक दिसला. हातात मोजमाप असलेला माणूस होता तो."

"माणूस होता."

"मोजमापही होतं."

मला यात सरांचं पारडं जड वाटलं. चाचणी ही आधी विचारून ठेवलेल्या प्रश्नांची यादी असते. कुणी विचारलाच नाही त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडून येत नाही. स्वयंचलनाने तीच यादी हजार वेळा न कंटाळता विचारता येते, एवढंच.

पण यातूनच वाद मराठीवर आला आणि तिथे तिने बाजी उलटवली. ओपनक्यूएत पडद्याचा फोटो आधी ठेवलेल्या नमुन्याशी ताडतात. त्या नमुन्याला ते लोक 'नीडल' म्हणतात. फेडोराच्या चाचण्यांमध्ये प्रणालीची स्थापना फ्रेंचमधून, रशियनमधून, जपानीतून, अरबीतून करून पाहणारे वेगळे टप्पे आहेत. ते आपोआप आले नाहीत. कुणाला तरी तशी गरज वाटली आणि त्याने ते लिहिले.

"आपल्या मुलांना यंत्रावर काय करायचंय सर? मराठीत निबंध, मराठीत अर्ज, मराठीत हजेरीपट. ते बिघडलं तर जर्मनीतल्या कुणाच्या लक्षात येणार? म्हणून मी मराठीचा टप्पा लिहायला घेतलाय."

तिने लॅपटॉप उघडून दाखवला. क्यूएमूला बाहेरून कळ दाबल्याचा संदेश देता येतो. इनस्क्रिप्टचा कळफलक लावून स्क्रिप्ट पाच कळा पाठवत होती : ओ, शिफ्ट धरून जे, डी, तिरपी रेघ, ई. आभासी यंत्राच्या पडद्यावर एकेक करत उमटलं : द, मग दऱ, मग पाय मोडला, मग दऱ्य, शेवटी दऱ्या. लगेच फोटो. दुसऱ्या ओळीत तेच, फक्त शिफ्टशिवाय : दर्या. पुढे आचाऱ्यांना आणि आचार्यांना अशी जोडी.

सर खुर्ची ओढून जवळ आले. "आणि यातलं बरोबर कुठलं, हे त्याला कसं कळतं?"

"दोन वाटांनी बघते. टंकलेलं फाइलीत साठवून आतले संकेत ताडते. ते बरोबर असले तरी पडद्यावर अर्धा र नीट उमटेलच असं नाही, ते फॉन्टवर आणि अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनवर असतं. म्हणून चित्रही ताडते."

"चित्र जुळलं म्हणजे काय? सगळे ठिपके जुळले?"

"नाही. थोडा फरक चालवून घ्यावा लागतो, नाहीतर घड्याळाचा काटा हलला तरी नापास. किती टक्के जुळलं की जुळलं म्हणायचं, हे आपण सांगायचं."

सरांनी पडद्यावरच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. "या दोघांत फरक केवढा आहे? ही एवढीशी आडवी आकडी आणि हा वरचा रफार. बाकी सगळं सारखं. संपूर्ण पडद्याच्या हिशेबात हा फरक तुझ्या चालवून घेण्यात बुडून जाईल. आचाऱ्यांना बोलावलं तर आचार्य येतील आणि तुझं पान म्हणेल, पास."

ती क्षणभर थांबली आणि मग नमुन्याची चौकट त्या एका जोडाक्षरापुरती आवळून घेतली. चाचणी पुन्हा चालवली. मुद्दाम चुकीचा शब्द टंकला, तेव्हा यंत्राने तो पकडला. सर म्हणाले, "आता ल." मराठीचा ल आणि हिंदीचा ल यांचा संगणकातला संकेत एकच, वळण मात्र वेगळं. भाषा मराठी ठरवलेली असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल तरच मराठी वळण येतं. श चंही तसंच. संकेत ताडून हे कधीच कळणार नाही, डोळ्यांनीच कळेल, किंवा ज्याच्या डोळ्यांना ते कळतं त्याने चौकट आखून दिली तर यंत्राला.

मग हजेरीपट. मराठीत क्षितिजा आणि ज्ञानेश्वर ह नंतर, यादीच्या शेवटी यायला हवेत. सरांनी अशा दहा-बारा नावांचा क्रम कागदावर लिहून दिला. हे तपासायला तर चित्रही लागत नाही. यादी क्रमाने लावायची आणि सरांच्या कागदाशी ताडायची. तेवढ्यात सरांना आठवलं की मुलं रुपयाचं चिन्ह शोधत बसतात, तेही घाल. आणि मराठी अंक. आणि पीडीएफ करताना जोडाक्षरं फुटतात का, ते बघ. आयएसओचा स्वभाव ओळखायला दिवसचे दिवस लागतात म्हणणारा माणूस आता आपल्याला ठाऊक असलेल्या खोडी भराभर तिच्या फाइलीत उतरवून घेत होता. रेड हॅटने खुला केलेला आणि त्यांच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळलेला लोहित फॉन्ट असो की सी-डॅकची बॉस, मराठी लिनक्सवर नीट दिसते ती अशा खोडी कुणीतरी लक्षपूर्वक टिपल्या म्हणून. आपली फार थोडी माणसं हे काम करतात. नव्या आवृत्त्या मात्र दर सहा महिन्यांनी येतच राहतात. त्या थोड्या माणसांना जे दिसतं ते लिहून ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीला न चुकता विचारलं, तरच मराठी टिकाव धरेल. सरांसारख्यांची नजर चाचणीत उतरली नाही तर ती त्यांच्याबरोबर निवृत्त होते, आणि याची मला मनापासून काळजी वाटते.

एवढं झाल्यावरही 'पास' शब्दावर ते अडलेच. "तुझ्या पानावरून तो शब्द काढ," सर म्हणाले. "'उठलं' लिही, 'सही जुळली' लिही, 'मराठी उमटली' लिही. जे बघितलं तेच लिही. वायफाय, छपाईयंत्र आणि आवाज हे तीन रकाने कोरे ठेव. ते मी इथे, आपल्या यंत्रांवर बघून भरीन."

"चालेल. पण मग माझीही एक अट. ते तीन रकाने भरल्याशिवाय स्क्रिप्ट ती आवृत्ती शाळेच्या यंत्रांसाठी पुढे सोडणारच नाही. मी सांगितलं तरी नाही आणि मुख्याध्यापकांनी घाई केली तरी नाही."

"आणि मी महिनाभर फिरकलोच नाही तर? मुलांचं काय?"

"मुलं आहे त्याच आवृत्तीवर राहतील. डेबियन १२ चढवलीय ना आपण? तिला २०२८ च्या जूनपर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. तुम्ही सवडीने या, पण छपाईयंत्राची शाई भरून ठेवा. मागच्या वेळी तीच नव्हती."